आजारपणाचा अनुभव फॉरवर्ड करू नका, स्वतःच्या पानावर लिहा



इथे आपण नेहमी मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातले ताप अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण त्याचा आरोग्याशी जवळचा संबंध आहे. ज्या घरात एखादा दीर्घ आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्या घराने इंटरनेटवर स्वतःचं एक साधं पान करावं आणि आपला अनुभव तिथे मराठीत लिहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही आणि सुरुवातीला पैसेही लागत नाहीत.

फॉरवर्डमध्ये नेमकं काय चुकतं?

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीचं पाणी कुर्ल्यातल्या घराघरांत शिरलं. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालणं आणि लेप्टो यांचा संबंध बहुतेकांना माहीत झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे.

पण पाऊस सुरू झाला की "पाण्यातून आलात तर अमुक गोळी घ्या" असे मेसेजही फिरू लागतात. ही गोळी द्यायची का आणि किती द्यायची, हे अनेक गोष्टींवर ठरतं. पायाला जखम होती का? पाण्यात किती वेळ होतात? वय काय? बाई गरोदर आहे का? मेसेजमध्ये यातलं काहीच नसतं. तो कोणी लिहिला, कधी लिहिला, हेही नसतं. चूक लक्षात आली तरी हजारो मोबाईलमध्ये गेलेला मेसेज परत बोलावता येत नाही.

स्वतःच्या पानाचं तसं नाही. त्याला एक पत्ता असतो, लिहिणारा असतो, तारीख असते. चूक सापडली की एका जागी दुरुस्त करायची. पुढे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला दुरुस्त केलेलंच दिसतं. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

रुग्णाला जे माहीत असतं, ते डॉक्टरच्या चिठ्ठीत मावत नाही

टीबीचं उदाहरण घ्या. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिने चालतो. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवीला केशरी-लालसर रंग येतो. हा औषधाचा रंग असतो, त्याने अपाय होत नाही. पण हे कोणी आधी सांगितलं नसेल, तर माणूस घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. तो बरा करायला जास्त वेळ आणि जास्त औषधं लागतात.

आता कल्पना करा, कुर्ल्यातल्याच एखाद्या बऱ्या झालेल्या बाईने लिहिलं आहे : "मलाही तसा रंग आला होता. मी घाबरले, पण गोळ्या थांबवल्या नाहीत. दवाखान्यात जाऊन विचारलं." या तीन वाक्यांनी जो धीर मिळेल, तो माझ्या मोठ्या लेखाने मिळणार नाही. त्याखाली तिने एवढंही लिहावं की डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा भूक अजिबात गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण त्या वेळी यकृत तपासावं लागतं.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. डायलिसिसच्या फिस्टुलाच्या हातावर जड पिशवी अडकवायची नाही आणि त्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो, म्हणजे कुर्ल्याहून परळला उपचाराला जाताना गर्दीत चेंगरावं लागत नाही. भाभा किंवा सायन रुग्णालयात केसपेपर काढताना जवळ कोणते कागद ठेवावेत, रोजे ठेवताना साखर कशी सांभाळली, हे सगळं ज्याने केलं आहे त्यालाच नीट सांगता येतं.

मराठी माणसाला इंटरनेटवर लिहिणं नवीन नाही. 'मायबोली' 1996 पासून सुरू आहे, तेव्हा तर मराठी टाइप करणंही कटकटीचं होतं. आज मोबाईलवर माइकचं बटण दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात.

पान कसं करायचं?

1. जागा निवडा. ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम आणि गुगल साइट्स या तिन्हींवर फुकट सुरुवात करता येते. नवख्यांनी ब्लॉगर घ्यावं. जीमेलचं खातं असलं की पुरे, आणि ते मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं.

2. सजावटीत वेळ घालवू नका. जगातली पहिली वेबसाइट 1991 मध्ये नुसता मजकूर आणि लिंक एवढ्यावरच उभी होती. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोठी काळी अक्षरं ठेवा, म्हणजे चष्मा लागलेल्यांनाही वाचता येईल.

3. मजकुराचा फोटो टाकू नका, मजकूर टाइप करा. टाइप केलेलं गुगलवर सापडतं, अंध व्यक्तीला मोबाईल ते वाचून दाखवू शकतो आणि शेजारच्या उर्दू किंवा हिंदी वाचणाऱ्याला त्याचं भाषांतर करून घेता येतं.

4. सुरुवातीला चारच गोष्टी लिहा : मी कोण, मला काय झालं होतं, मला कशाचा उपयोग झाला आणि डॉक्टरकडे कधी धावलो. प्रत्येक लेखाखाली तारीख घाला.

5. पासवर्डसोबत टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. सेटिंग्जमधून अधूनमधून बॅकअप उतरवून ठेवा. फुकटची जागा कायमची नसते. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं. छोट्या व्यावसायिकांना गुगलने बिझनेस प्रोफाइलवर दिलेल्या फुकट वेबसाइटही मार्च 2024 मध्ये बंद झाल्या.

पुढे हवं असेल तर वर्षाला ठरावीक रक्कम भरून स्वतःच्या नावाचा पत्ता घेता येतो. 2014 पासून '.भारत' हा देवनागरी पत्ताही मिळतो. मात्र तो नेहमी स्वतःच्या नावावर घ्या, करून देणाऱ्याच्या नावावर नको. "गुगलवर पहिला नंबर आणून देतो" असं सांगून पैसे मागणाऱ्यांना नकार द्या. अशी हमी कोणालाही देता येत नाही. आणि ओटीपी कोणालाच सांगू नका.

काय लिहू नये?

औषधाचं नाव अनुभवात आलं तर हरकत नाही, पण डोस लिहू नका. तुमचा डोस तुमचं वजन, तुमची किडनी आणि तुमच्या इतर गोळ्या पाहून ठरलेला असतो.

रिपोर्टचे फोटो टाकू नका. त्यावर नाव, वय, मोबाईल नंबर आणि कधी कधी पत्ताही असतो. आधार कार्ड तर कधीच नाही.

घरातल्या दुसऱ्या माणसाचा आजार त्याच्या परवानगीशिवाय लिहू नका. टीबी, एचआयव्ही किंवा मानसिक आजाराबद्दल चाळीत अजूनही कुजबुज होते. लग्न आणि नोकरी यांवर त्याचा परिणाम होतो. अशा वेळी टोपणनावाने लिहिलं तरी चालेल. फक्त एक ओळ स्पष्ट हवी : "मी डॉक्टर नाही, मी या आजारातून गेले आहे."

"डॉक्टर, याने चुकीची माहिती वाढेल ना?"

हा आक्षेप माझ्या काही डॉक्टर मित्रांचाच आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. एखादा माणूस स्वतःच्या पानावर चमत्कारी काढ्याची जाहिरातही करू शकतो. पण चुकीची माहिती आजही फिरतेच आहे, नाव-गाव नसलेली. तिला उत्तर द्यायला चांगली, खरी आणि मराठीतली माहिती पुरेशी नाही. ती सगळी डॉक्टरांनीच लिहायची म्हटलं, तर ओपीडीतून वेळ मिळणार कधी? रुग्णाने अनुभव लिहावा आणि वैद्यकीय भाग प्रकाशित करण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कोणी असं पान घेऊन आलं तर मला ते वाचायला आवडेल.

हे वाचून लगेच मोठी वेबसाइट करायला बसू नका. या रविवारी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि एकच लेख लिहा : आजार कळला त्या आठवड्यात आपल्याला कोणी काय सांगायला हवं होतं? तेवढं लिहून झालं, तरी पुढच्या घराची बरीच धावपळ वाचेल.