दुधाशिवायचे ताट

घरात कुणी दूध सोडतो म्हटले, की पहिली अडचण चहाची येते. जालन्याकडे पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवणे म्हणजे घरची ओढाताण उघडी करणे. दूध संपले असेल तर शेजारून वाटीभर आणतील, पण कोरा देणार नाहीत. त्यामुळे ज्याला दूध पचत नाही असा माणूसही चारचौघांत कपभर पिऊन घेतो आणि नंतर पोट धरून बसतो. हा काही दुर्मिळ आजार नव्हे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांची दुधातली साखर पचवण्याची शक्ती लहानपणानंतर कमी होते. अशा माणसाने दूध सोडले तर घरच्यांनी त्याला समजून घ्यावे.

कुणी प्राण्यांच्या कणवेपोटी दूध सोडतो, कुणी पोटाच्या त्रासाने. कारण काही असो, आपल्या जिल्ह्यात ताटातले काही वर्ज्य करणे हे नवे फॅड नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की मटण सुटते, हे गावोगाव दिसते. त्याच घरात बाकीचे खात असले तरी माळकऱ्याचा तवा वेगळा राहतो आणि त्यावरून सहसा भांडण होत नाही. भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाला जाणारे महानुभाव पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहेत. आणि दूधही वर्ज्य करायचे तर जालना शहरातल्या जैन घरांकडे पाहावे. चैत्र आणि आश्विनातल्या आयंबील ओळीत नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गूळ, साखर यांतले काहीही चालत नाही. दिवसातून एकदा, शिजवलेले साधे धान्य आणि कडधान्य. हे व्रत आहे, रोजचा आहार नव्हे, पण नऊ दिवस त्या शिस्तीत स्वयंपाक करणाऱ्या बायकांना दुधातुपाशिवाय स्वयंपाक कसा चालवावा हे कुणी शिकवायला नको.

व्रताबाहेरचे ताट तर त्याहून समृद्ध आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, येसराची आमटी, आंबाडीची किंवा करडईची भाजी, कारळाची चटणी, जवसाची चटणी, ठेचा, शेंगदाणे. यात दुधाचा थेंब नाही. हे ताट कुण्या आहारशास्त्राच्या पुस्तकातून आलेले नाही. पुष्कळ घरांत ते नाइलाजानेच तसे होते, कारण म्हैस असली तरी दूध डेअरीला जायचे आणि पोरांच्या वाट्याला ताक यायचे. ती ओढ विसरून त्या ताटाचे कौतुक करणे बरे नाही. पण त्या ओढीतही बायकांनी धान्य, डाळ, तेलबी आणि पालेभाजी एकत्र आणली. सोलापूर भागात आणि पुढे कर्नाटकात हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, करडीचे दूध घालतात. करडी भिजवायची, वाटायची, फडक्यातून पिळायची. बदामाच्या दुधाचे डबे दुकानात येण्याच्या किती आधीपासून हे चालू आहे!

म्हणून आम्हाला वाटते, जालना जिल्ह्यात दूध सोडणे अवघड नाही. अवघड झाले आहे ते दुधाच्या जागी ठेवायचे धान्य शोधणे. खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन आणि कपाशी. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद झाला. पण मानांकन मिळालेली ती ज्वारी जिल्ह्यातल्या किती घरांत दळली जाते? रेशनच्या गहू-तांदळाची सवय लागली, गव्हाची पोळी प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी ढाब्यावर जाऊन पैसे देऊन खायची वस्तू झाली. कारळ आणि जवस तर पेरणाऱ्यांच्या बोलण्यातूनही गेले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी याच जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, देशभर बियाणे पुरवणारे शहर म्हणून आपण मिरवतो. त्या शहराच्या परिघात घरच्या चटणीपुरते कारळ पेरलेले दिसू नये, याचे वाईट वाटते.

ज्वारी गेली तेव्हा दूधही गेले, हे आपण नीट पाहिलेले नाही. ज्वारीबरोबर कडबा येत होता. कडब्यावर बैल आणि म्हैस जगत होती. सोयाबीनच्या भुसावर जनावर तसे तरत नाही. कडब्याची गंजी दारातून हलली, मग गोठा रिकामा झाला आणि गावात पिशवीचे दूध आले. जो माणूस आज विचारपूर्वक दूध सोडतो आणि ज्वारी खातो, तो शेतीच्या त्या जुन्या साखळीला मदतच करतो. जो दूध पितो त्यालाही ज्वारीच हवी. या दोघांत वाद घालण्यासारखे काही नाही.

सोयाबीनवर राग नाही. त्याच्या दाण्यात शंभरातले छत्तीस ते चाळीस भाग प्रथिने असतात, कुठल्याही डाळीला इतके जमत नाही. पण ते आपल्या शिवारातून निघते, तेलाच्या कारखान्यात जाते आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्यांनी बाजारात चार हजारांच्या आसपास विकले. जे पीक पिकवून आपण कर्ज फेडू शकत नाही, ते घरात खातही नाही. खायला हरकत नाही, मात्र कच्चे नको. रात्रभर भिजवावे, साल चोळून काढावी, चांगले उकळावे, मग वाटून गाळावे. दूध झाले. उकळण्यात कुचराई केली तर पचनाला अडथळा करणारे घटक तसेच राहतात. ज्यांना दूध करायचा खटाटोप नको, त्यांनी भिजवून वाफवलेले दाणे वाळवावेत, भाजावेत आणि नऊ भाग गव्हाला एक भाग घालून दळून आणावे.

आता ज्या गोष्टीत भावनेला जागा नाही ती. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. दूध सोडले तर ते बाहेरून घ्यावेच लागते, गोळीने किंवा ते मुद्दाम घातलेल्या पदार्थातून. त्याच्या अभावाने हातापायांना मुंग्या येतात, चालण्याचा तोल जातो, विसरायला होते, आणि उशीर झाला तर काही नुकसान भरून येत नाही. कॅल्शियमचे तसे नाही. सालासकटच्या शंभर ग्रॅम तिळात ते हजार मिलीग्रॅमहून जास्त असते, तेवढ्याच दुधात सुमारे एकशेवीस. तिळातले सगळे अंगी लागत नाही हे खरे, पण रोज दोन चमचे तीळकूट आणि पालेभाजी असली तर ती बाजू बरीच सावरते. बाळंतीण, दूध सुटलेले तान्हे मूल, वाढीच्या वयातली मुले यांच्यावर मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. आणि ज्या घरात आधीच अंडे-दूध परवडत नाही, त्यांना कुणी त्यागाचे धडे देऊ नयेत. त्यांच्या पोरांना शाळेतल्या डब्यात मिळेल तेवढे पोषण मिळू द्यावे. माळ स्वतःच्या गळ्यात घालायची असते.

त्या डब्यात आज मुख्यतः तांदूळ असतो. जिल्हा परिषदेने निदान आठवड्यातून दोन दिवस जिल्ह्यातल्याच शेतकऱ्यांकडून दगडी ज्वारी घेऊन भाकरी आणि तुरीचे वरण द्यावे. खरेदीची हमी असली तर पेरा वाढतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे दीडशे दिवसांच्या आसपास हाती येणारे तुरीचे वाण दिले. तिथेच जवस-कारळाचे शुद्ध बियाणे पावशेर-पावशेर पिशवीत विकायला ठेवता येईल. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी लोक घेतातच. पूर्वी घरची म्हातारी पेरणीच्या दिवशी पदरात मूठ-मूठ बी घेऊन जायची आणि बांधाकडेच्या तासांत आंबाडी, तीळ, कारळ टाकून यायची. त्याला फवारणी नव्हती, हिशोबही नव्हता, आणि वर्षाच्या चटणीला ते पुरायचे. येत्या मृगात एवढे तास राखून ठेवायला जमीन कमी पडणार नाही.