कुलूप आपले, किल्ली कंत्राटदाराची

१९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. परकीय चलन नियमन कायद्यानुसार आपली भांडवली मालकी ४० टक्क्यांवर आणणे तिला मान्य नव्हते आणि जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस नमले नाहीत. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक कंपनीने अंगावर घेतली. सार्वभौमत्व कायद्याने मिळते. ते टिकते मात्र कारागिरीने, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

तो धडा आपण विसरलो आहोत. सरकारी खाती विकत घेतात त्यांपैकी अनेक उपकरणांच्या पोटात लिनक्स ही प्रणाली असते. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली कोणा एका भांडवलदाराची मिरास नाही. तिच्या परवान्यानुसार, उपकरण देणाऱ्याने लिनक्सची मूळ आज्ञावली व ती बांधण्याच्या सूचनाही मागणाऱ्यास दिल्या पाहिजेत. हक्क आहे, पण मागणार कोण? सरकारी अभियंत्याला आपण निविदा लिहिणारा कारकून करून टाकले आहे! केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त प्रणालींचे धोरण जाहीर केले. परंतु धोरणाला हात नसतात.

‘हे काम खाजगी कंपन्यांचे, सरकारी अभियंत्याने ते का शिकावे?’ असे विचारले जाते. पूल कंत्राटदार बांधतो, म्हणून काँक्रीट तपासण्याची विद्या सरकारी अभियंत्याला नको, असे कोणी म्हणेल काय?

बूटलोडर, कर्नल आणि फाइल-व्यवस्था हे तीन थर मुळापासून बांधून उपकरण स्वतः चालू करणे, एवढे प्रथम शिकवावे. बिल्डरूट, योक्टो ही साधने विनामूल्य आहेत. सरावाचा बोर्ड काही हजार रुपयांत मिळतो. ज्याने हे एकदा केले, त्यालाच कळते की आज्ञावली हाती येऊनही उपकरण कंपनीच्या सांकेतिक सहीवाचून दुसरी प्रणाली नाकारू शकते. कर्नलचा परवाना त्या सहीची किल्ली स्पष्टपणे मागत नाही. ती करारातच मागावी लागते. न मागितल्यास कंपनीने हात वर करताच दोष तसाच राहतो आणि धडधाकट यंत्र भंगारात जाते. भुर्दंड जनतेला, नवी मागणी कंपनीला!

म्हणून प्रत्येक तांत्रिक खात्यात अशा अभियंत्यांचे कायम पथक हवे, आणि त्याच्या तपासणीवाचून एकही देयक मंजूर होता कामा नये. जे आपल्याला उघडता येत नाही, ते आपल्या मालकीचे नाही.