'सौभद्र' शिकवताना : शब्दार्थ आणि वृत्ते

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. या सुखात्मिकेची गोडी अजून ओसरलेली नाही. वर्गात मात्र तिची वाटणी होते : एका वहीत कठीण शब्दांचे अर्थ, दुसऱ्या वहीत वृत्तांची लक्षणे. या वाटणीत विनोद हरवतो, असे आम्हांस वाटते.

'यती' हा शब्द घेऊ. शब्दार्थात तो संन्यासी. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देण्याचे ठरवलेले. अर्जुन यतिवेष घेऊन येतो, आणि बलराम भाबडेपणाने बहिणीलाच त्याच्या सेवेस लावतो. वृत्तविचारात मात्र 'यती' म्हणजे चरणातील विसावा. दिंडीच्या एकोणीस मात्रांत तो नवव्या मात्रेनंतर येतो. हे दोन्ही अर्थ विद्यार्थ्याला एकाच तासाला भेटले, तर दोन्ही त्याच्या लक्षात राहतील.

बार्शीटाकळीच्या विद्यार्थ्याला दिंडी म्हटले की वारी आठवते. शेगावची पालखी अकोल्यावरूनच पंढरपूरला जाते. त्याचे हे उत्तर खोडू नये, तेथूनच सुरुवात करावी. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांची ओळख प्रेक्षकांच्या कानांना कीर्तन-आख्यानांतून आधीच होती आणि किर्लोस्करांनी त्या ओळखीवर भिस्त ठेवली. विदर्भकन्या दमयंतीची कथा सांगताना रघुनाथ पंडितांनीही दिंडी योजली आहे.

'सौभद्रा'तील रुक्मिणी तर कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्याची लेक. तिचेही हरणच झाले होते. म्हणून 'हरण' या शब्दापुढे 'पळवून नेणे' एवढे लिहून भागत नाही. ज्याने रुक्मिणीला नेले, तोच कृष्ण आता बहिणीच्या हरणाची सूत्रे हलवतो. नाटकातील मिस्कीलपणा या एका शब्दात साठलेला आहे.

ही वृत्ते आता रंगभूमीवर उरली कुठे, असा आक्षेप येईल. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीच 'वीरतनया'त (१८९६) पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या, हे खरे. परंतु जुनी चाल कानावर पडलीच नसेल, तर नवी कोणत्या अर्थाने नवी, हे विद्यार्थ्याला कसे कळावे?

आमची सूचना साधी आहे. शिक्षकाने प्रथम दिंडी म्हणून दाखवावी, मग मात्रा मोजाव्यात, अर्थ त्यानंतर सांगावा. आणि परीक्षेत केवळ वृत्ताचे नाव न विचारता, या पात्राच्या तोंडी येथे हेच वृत्त का, असा प्रश्न घालावा. दोन गुणांच्या लक्षणापेक्षा नाटक त्यातून अधिक कळेल.