तापाचा पहिला तास

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाचा घात पुष्कळदा मूळ रोगाआधी जंतूच करतात, हे घरच्यांखेरीज फारसे कोणी जाणत नाही. केमोथेरपीने रोगट पेशींबरोबर जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. त्यांतील न्यूट्रोफिल दर घन मिलिमीटरला 500 च्या खाली गेल्या की, रुग्णाच्याच आतड्यांतील ई. कोलाय वा क्लेब्सिएला रक्तात शिरू शकतात. बाहेर पू नाही, सूज नाही. खूण एकच, ताप.

अशा वेळी वैद्यकशास्त्राचा नियम असा की, रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून द्यावा. त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यावे. पण अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, त्यासाठी थांबू नये.

नियमातला तास दारापासून मोजला जातो, जंतूंचा मात्र घरापासून. डोंबिवलीच्या रुग्णाचे उपचार परळच्या टाटा रुग्णालयात चालू असले, तर अंतर सुमारे 40 किलोमीटर. ताप मध्यरात्रीनंतर चढला तर लोकलही नाही. (दिवसा असली, तरी त्या गर्दीत अशा रुग्णाला नेण्याची कल्पना करून पाहावी.) म्हणून पहिला डोस घराजवळच मिळाला पाहिजे : कल्याणच्या रुक्मिणीबाई, डोंबिवलीच्या शास्त्रीनगर आणि ठाण्याजवळ कळव्याच्या शिवाजी महाराज रुग्णालयात, रात्रीअपरात्री, कागदपत्रांचा घोळ न घालता. पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखी औषधे जुनी, पेटंट संपलेली आहेत. महापालिकांना हा खर्च जड जाऊ नये. नव्या इमारतीसारखा तो दिसत नाही, एवढेच.

खरी अडचण निराळी. पहिले औषध अंदाजानेच निवडावे लागते आणि आपल्याकडे जंतू त्याला दाद देतीलच असे नाही. कार्बापेनेमही निकामी ठरले की, मूत्रपिंडाला जाचक अशा कोलिस्टिनपर्यंत पाळी येते. मार्च 2014 पासून अनुसूची एच-1 लागू असूनही सर्दीपडशावर प्रतिजैविके मागणारे आणि देणारे या सामाईक साठ्यातूनच उचल करत असतात. किंमत भलताच कोणी मोजतो.

अंदाज चुकू नये याचा एक उपाय साधा आहे. मुख्य रुग्णालयाने घरी पाठवताना रुग्णाच्या हाती एक कागद द्यावा : केमोथेरपीची तारीख, आधीच्या कल्चरमध्ये सापडलेला जंतू, त्यावर चाललेले औषध आणि रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक.