नाव आणि वाटा

भाऊबीजेच्या सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत एक गाणं हमखास ऐकू येतं. १९५५ सालच्या 'भाऊबीज' चित्रपटातलं, वसंतकुमार मोहिते यांनी स्वरबद्ध केलेलं, आशा भोसले यांनी गायलेलं, सोन्याच्या ताटातल्या ज्योतींचं. यंदा फराळाला जमलेल्या दहाबारा जणांना मी विचारलं, हे लिहिलं कुणी? आशाबाईंचं नाव सगळ्यांनी सांगितलं, कवीचं एकानंही नाही. तो कवी आपल्याच सोलापूरचा होता : कृष्ण गंगाधर दीक्षित, म्हणजेच कवी संजीव.

मी म्हटलं, गाणं जिथं वाजतं तिथं गीतकाराचं नाव पोहोचलं पाहिजे, आणि जिथं गाण्यातून पैसा निघतो तिथं त्याचा वाटाही. एवढ्यावरून वाद पेटला. चार जणांनी चार आक्षेप घेतले. चौघंही सज्जन, चौघांचंही गाण्यावर प्रेम. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांचा. गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो आणि जातो. दर महिन्याच्या भाड्यात वाटा मागत नाही. गीतकारालाही मानधन मिळालं, व्यवहार संपला.

हा दृष्टान्त गाण्याला लागू पडत नाही. सोलापूरकराला तरी हे मागाच्या भाषेत लगेच कळावं. चादर विकली की ती चादर आपल्या हातून गेली. पण तिची नक्षी ज्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरलेली असते, ते जेकार्डचे पुठ्ठे कारखान्यातच राहतात आणि त्यांवर आणखी हजार चादरी निघतात. गीतकार देतो ती नक्षी. निर्मातासुद्धा गाणं एकदाच विकत नाही. रेडिओला वेगळं, दूरचित्रवाणीला वेगळं, कॉलर ट्यूनला वेगळं, इंटरनेटवरच्या प्रत्येक मंचाला वेगळं असं तो ते वर्षानुवर्षं विकत राहतो. गाणं लिहिलं त्या दिवशी त्याची खरी किंमत कुणालाच ठाऊक नसते. मग पुढची सगळी कमाई एकाच्या घरी आणि लिहिणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवसाचं पाकीट, हा हिशेब न्याय्य कसा?

आपल्याकडे कायद्यानं हा हिशेब फार काळ असाच मांडला होता. गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळण्यासाठी १९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. तिचा चित्रपट निर्मात्यांशी चाललेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ साली निकाल निर्मात्यांच्या बाजूनं लागला. मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक निर्माता, असा त्याचा अर्थ. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडलं. चित्रपट चित्रपट म्हणून दाखवणं हा निर्मात्याचा हक्क. पण त्यातलं संगीत वेगळं काढून वाजवलं, तर तिथं संगीत रचणाऱ्याचा हक्क सुरू होतो, अशी वाट त्यांनी दाखवली.

ती वाट कायद्यात उतरायला ३५ वर्षं लागली. गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत असताना, २०१२ साली, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं दाखवलं जातं तेवढा वापर सोडला, तर इतर प्रत्येक वापराच्या स्वामित्वधनात, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीनं, गीतकार आणि संगीतकारांचा वाटा आहे. हा वाटा त्यांना विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तो वारसांकडे जातो, किंवा वसुलीसाठी त्यांच्या संस्थेकडे सोपवता येतो, एवढंच. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यालाही हेच तत्त्व लागू आहे. त्यानंतरही एफएम केंद्रांचं म्हणणं होतं की आम्ही ध्वनिमुद्रिकेचे पैसे भरतो, शब्दांचे आणि चालीचे वेगळे कशाला? एप्रिल २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याचं उत्तर दिलं : ध्वनिमुद्रण लोकांपर्यंत पोहोचवलं जातं, त्या प्रत्येक वेळी त्यातल्या शब्दांच्या आणि चालीच्या कर्त्यांना स्वामित्वधन मिळायला हवं. गवंड्याचा दृष्टान्त इथं संपतो.

दुसरा आक्षेप एका भजनी मंडळातल्या काकांचा, आणि तो मनाला भिडणारा. गाणं ही देवाची देणगी, ते सगळ्यांचं. 'हे माझं' म्हणणं ही पाश्चात्त्य कल्पना, आपल्या मातीत ती नव्हती.

काका, आपल्या मातीत ती होती, आणि या गावाच्या मातीत तर खोलवर होती. बाराव्या शतकात आपले ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे शिवयोगी सिद्धराम, कन्नडमध्ये वचनं रचत. त्यांच्या वचनांत 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही अंकितमुद्रा येते. शब्द देवाच्या पायी वाहिलेले असत, तरी मुद्रेवरून वचन कुणाचं ते ओळखता येई. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा आली. पेशवाईच्या उत्तरकाळात आपल्या सोलापूरच्या राम जोशींसारखे शाहीर गाजले, आणि लावणीच्या शेवटी कवीनं आपली मुद्रा गुंफायची ही शाहिरांची रीतच होती. ती मुद्रा ओळीच्या तालात बसवलेली असे. ती उपटायला गेलं की ओळच मोडे.

आणि चोरीची तक्रार? तीही आपल्याच परंपरेत आहे. तुकोबांचे अभंग सालोमालो नावाचा इसम स्वतःच्या नावानं गात असे आणि गाताना शब्दही बिघडवत असे. ज्यांनी इंद्रायणीत वह्या सोडल्या, धनाची आस कधी धरली नाही, त्या तुकोबांनीही हे मुकाट्यानं सोसलं नाही. अभंगांतून त्यांनी त्याला खडसावलं. आजच्या कायद्याचं कलम ५७ कर्त्याला दोन हक्क देतं : कृती माझी आहे हे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून कीर्तीला बाधा आणू पाहणाऱ्याला अडवण्याचा. बाकी सगळे हक्क विकले तरी हे दोन कर्त्याकडेच राहतात. तुकोबांची तक्रार नेमकी याच दोन गोष्टींची होती. नावाचा आग्रह धरणं हा लोभ असता, तर तो तुकोबांच्या अंगी कसा दिसला असता?

तिसरा आक्षेप गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याचा. असे हक्क लावत बसलो तर लग्नाची वरात बंद, गड्ड्याची जत्रा मुकी, आरत्यांनाही पावती. ही भीती खरी वाटते, पण कायद्यानं तिचा विचार आधीच करून ठेवला आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणं वाजवलं तर तो हक्कभंग ठरत नाही, आणि लग्नाची वरात व विवाहाशी जोडलेले सामाजिक सोहळे यांचाही धार्मिक विधीत समावेश आहे. या सवलतीची सीमा कुठं, यावर तंटे होतात हे मान्य. गोवा सरकारनं याबाबत काढलेलं परिपत्रक २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. पण सीमेवरच्या तंट्यामुळं आतली सवलत नाहीशी होत नाही. मागणी आहे ती गाण्यावर धंदा करणाऱ्याकडं : हॉटेल, रेडिओ, तिकीट लावून होणारा कार्यक्रम, मोबाइल कंपनी. भावाला ओवाळणाऱ्या बहिणीकडं कुणी काही मागत नाही.

वसुली करणाऱ्या संस्थांच्या कारभारावर आक्षेप घेतले गेले, हेही मला नाकारायचं नाही. संस्थेत मोठ्या कंपन्यांचं वजन आणि लिहिणारा कोपऱ्यात, ही तक्रार जुनी आहे. म्हणून २०१२च्या दुरुस्तीनं नियामक मंडळात कर्ते आणि मालक समसमान असण्याची अट घातली. २०१७मध्ये जावेद अख्तर परफॉर्मिंग राइट सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी तिची फेरनोंदणी झाली. संस्था वाईट चालली तर ती सुधारायची असते. तिच्या दोषाची शिक्षा गीतकाराला का?

चौथा आक्षेप सगळ्यांत जड, कारण तो एका तरुण गीतकाराचाच होता. हा मुलगा देवीची गाणी आणि भीमगीतं लिहितो. घरातल्या खोलीत गाद्या लावून केलेल्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित होतात आणि यूट्यूबवर जातात. तो म्हणाला, "सर, हक्क सांगितला की पुढचं काम मिळत नाही. कोर्टाची पायरी चढली की माणूस भांडखोर ठरतो." बाकीचे तिघं या वाक्यावर गप्प झाले. मीही क्षणभर गप्प झालो.

त्याची भीती खोटी नाही. म्हणूनच तर कायद्यानं वाटा न सोडता येणारा केला. 'सगळं सोडलं' असं लिहून घेण्याची ताकद समोरच्याकडं असते, तेव्हा एकट्यानं 'नाही' म्हणणं अवघड. ते 'नाही' आता कायदा त्याच्या वतीनं म्हणतो. आणि कोर्टात गेल्यानं कारकीर्द संपते, हा नियम नाही. २००८ साली संगीतकार राम संपत यांनी 'क्रेझी ४' चित्रपटाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आपण जाहिरातीसाठी केलेली धून त्या चित्रपटाच्या गाण्यांत वापरली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं त्या गाण्यांसह चित्रपट प्रदर्शित करायला मनाई केली आणि प्रकरण २ कोटी रुपयांच्या तडजोडीवर मिटलं. त्याच राम संपत यांनी २०११मध्ये 'डेल्ही बेली'चं आणि २०१२मध्ये 'सत्यमेव जयते'चं संगीत केलं. शिवाय जो गप्प बसला त्याचीही कारकीर्द सुखरूप राहते असं कुठं आहे? त्याचं गाणं चालतं, तो मात्र मागं राहतो.

आता माझं म्हणणं. कवी संजीव १९९५ साली गेले. कायद्यानुसार शब्दांवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या शब्दांना २०५५च्या अखेरपर्यंत संरक्षण आहे. १९५५ सालच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क मात्र प्रकाशनापासूनची ६० वर्षं भरून २०१५च्या अखेरीला संपला. तबकडीचं वय बाजारात आल्यापासून मोजतात, शब्दांचं वय माणसाच्या आयुष्यावर. गाण्यात सर्वांत दीर्घायुषी कोण, हे कायद्याला कळलं आहे. आपल्या सभागृहांना आणि स्टुडिओंना कळायचं आहे.

त्या मुलाला मी सांगितलं, तेच प्रत्येक नवीन गीतकाराला सांगतो. तोंडी व्यवहार करू नकोस. हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच होतं. कागदावर मुदत आणि प्रदेश लिहून घे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. जे माध्यम आज अस्तित्वातच नाही, ते करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर दिलेलं ठरत नाही. परफॉर्मिंग राइट सोसायटीचा सभासद हो, प्रत्येक गाण्याची नोंद कर, आणि गाण्याखालच्या माहितीत पहिली ओळ गीतकाराच्या नावाची घाल.

आणि बाकीच्यांना? दुसरीकडं विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते तेव्हा आपल्याला राग येतो. त्या नावासाठी आपण भौगोलिक मानांकन मिळवलं. विणकराच्या नावासाठी जी चाड, तीच शब्द विणणाऱ्यासाठी हवी. हुतात्मा स्मृती मंदिरात गाण्यांचा कार्यक्रम होतो, तेव्हा निवेदकानं चित्रपट आणि गायक यांच्याआधी गीतकाराचं नाव घ्यावं. त्याला पैसा लागत नाही, वकील लागत नाही.

पूर्वी कवीचं नाव शेवटच्या कडव्यात असे, आणि गाणाऱ्याला ते सहज गाळता येत नसे. आज नाव गाण्याच्या बाहेर पडलं आहे. ते परत आत आणायचं काम कराराच्या कागदाचं आहे आणि आपल्या तोंडाचं आहे. पुढच्या भाऊबीजेला ते गाणं लागेल तेव्हा आमच्या सोसायटीतल्या दहाबारा जणांना तरी कवी संजीव हे नाव ठाऊक असेल. सुरुवात तिथून झाली आहे.