गच्चीवरचे पंचांगकर्ते

दिवाळीच्या सुमारास आपल्या घरांत दोन वस्तू हटकून येतात, दिवाळी अंक आणि येत्या वर्षाचे पंचांग. अंक शेजारी वाचायला जातो व बहुधा परत येत नाही. पंचांग मात्र खिळ्याला लटकून वर्षभर घराचा कारभार पाहते. जळगाव-धुळ्याकडच्या काही घरांत तिसरेही एक पंचांग असते, आणि त्याची ओळख वाचकांस करून द्यावी असे आमच्या फार दिवस मनात होते. ते छापलेले नसते. दोनशेपानी वही, शाईने ओढलेले रकाने. पहिल्यात उपग्रह, दुसऱ्यात वाहिनी, तिसऱ्यात वेळ आणि चौथ्यात शेरा: ‘स्वच्छ’, ‘पाऊस, चित्र फुटले’, ‘कार्यक्रम बदलला, सूचना नाही’.

या वह्या लिहिणारे गृहस्थ म्हणजे दूरदर्शनच्या उपग्रह-प्रक्षेपणावर पाळत ठेवणारे छांदिष्ट. आमच्या परिचयाचे असे दोघे आहेत. एक जळगावचे, दुसरे धुळ्याचे. दोघांत रस्त्याने नव्वदेक किलोमीटरचे अंतर, आणि रोज रात्री फोनवर नोंदी ताडून पाहण्याचा शिरस्ता. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला लोक हौशी म्हणतात, नाणी जमवणाऱ्याला अभ्यासू म्हणतात. पण रात्री अकरा वाजता टॉर्च आणि पाना घेऊन गच्चीवर चढणाऱ्याला काय म्हणतात हे या दोघांच्या गल्लीत विचारावे. जळगावकरांच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की यांनी चार उपग्रह पाहिले, पण एक कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला असेल तर शपथ!

इंग्रजीत ज्याला डिश, म्हणजे बशी म्हणतात, तिला आपल्याकडे छत्री म्हणण्याची चाल पडली आहे. बशी सरळ धरतात आणि छत्री डोक्यावर, ही मात्र तिरपी बसते. दूरदर्शनची विनामूल्य सेवा, म्हणजे फ्री डिश, ज्या उपग्रहावरून येते तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीबरोबर तोही दिवसातून एक फेरी घालतो, म्हणून आपल्याला एकाच जागी उभा वाटतो. जळगावच्या गच्चीवरून त्याची दिशा आग्नेय, उंची क्षितिजापासून सुमारे ५८ अंश. धुळ्याला ती उंची अर्धा अंश कमी आणि तोंड दीडेक अंश पूर्वेला अधिक. एवढ्या फरकाने चित्र जात नाही, पण वाद चांगला रंगतो. वास्तुशास्त्रवाल्यांनी आग्नेय ही स्वयंपाकघराची दिशा ठरवून ठेवली आहे. बशीचे तोंड तिकडेच असावे हा योगायोग आम्हांला तरी पटण्यासारखा वाटतो.

छत्री लावण्याचा सोहळा पाहायचा तर खानदेशातच पाहावा. एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात, घरातली मुले टीव्हीपुढे. वरून अहिराणीत आरोळी येते, “उना का?” खालून उत्तर, “उना, उना!” आणि लगेच, “गया!” असा अर्धा तास गेला की शेजारची चार माणसे सल्ला द्यायला येतात. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकावे लागते, कारण आखाजीच्या दिवसांत जळगावची लोखंडी पट्टी हातात धरवत नाही.

या छंदाचा इतिहास काढला तर तो आपल्याच अंगणात येऊन पोहोचतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. खेड्यांतल्या छत्र्या तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. त्याच वर्षी इंग्लंडात शेफील्ड येथे स्टीव्ह बर्किल नावाच्या एका हौशी तंत्रज्ञाने घरी बनवलेल्या छत्रीवर हे प्रक्षेपण पकडले. ओडिशातल्या शेतकऱ्यासाठी केलेला कार्यक्रम शेफील्डच्या थंडीत कुडकुडत एकटा माणूस पाहतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. जगभरच्या या छंदाच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते. म्हणजे पहिल्या नावाजलेल्या शिकारींतली एक शिकार आपल्या खेडूत कार्यक्रमाचीच!

नुसते कार्यक्रमच हाती लागतात असे नाही. मोठी, आठ फुटी छत्री असेल तर कधी कच्चे प्रक्षेपण सापडते. कधी रंगीत पट्ट्या आणि एकसुरी शिटी, कधी समालोचनाशिवाय चाललेला क्रिकेटचा सामना, कधी आपण अजून प्रक्षेपित झालो नाही अशा समजुतीने केस विंचरणारा वार्ताहर. बरीचशी प्रक्षेपणे हल्ली कुलूपबंद असतात. ती फोडण्याच्या भानगडीत आमचे दोघे पडत नाहीत. उघड्या दारातून दिसते तेवढेच पाहायचे, हा त्यांचा नेम.

आणि वर्षातून दोनदा यांच्या पंचांगात ग्रहणही लागते. ऑक्टोबरच्या आरंभी आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशी येतो. सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो आणि चित्र काही मिनिटे नाहीसे होते. ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी जळगावात ही वेळ ऑक्टोबरमध्ये अकराच्या जरा आधी आणि मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमारास येते. गल्लीतली मंडळी पेटीला थापट्या मारीत असतात तेव्हा जळगावकर वर उभे राहून मोठ्या छत्रीच्या मधोमध पडलेली सावली पाहत असतात. छत्रीपुढे टांगलेल्या ग्राहकाची सावली बरोबर मध्यावर पडली, म्हणजे छत्रीचे तोंड अचूक आहे. एवढी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, छंद गमतीचा आहे, पण त्याची एवढी वाखाणणी कशाला? तर त्याचे कारण निराळे आहे.

ज्यांच्या घरी केबल आहे, किंवा महिन्याचे पैसे भरून घेतलेली सेवा आहे, त्यांना फ्री डिशचे मोल सहजी कळायचे नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. छत्री आणि पेटी एकदा विकत घेतली की पुढे छदाम द्यायचा नाही. आज देशातली चार कोटींहून अधिक घरे तिच्यावर आहेत असा अंदाज केला जातो. पूर्वी तीही नसली तरी गावच्या मनोऱ्यावरून साध्या अँटेनावर दूरदर्शन दिसे. पण दूरदर्शनने ते जुने प्रक्षेपक २०२२ सालापर्यंत जवळजवळ सगळे बंद केले. आता फुकटाचा दरवाजा उरला तो आकाशातलाच.

या दरवाज्यावरची पाटी मात्र वरचेवर बदलते. खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने विकल्या जातात आणि बहुधा १ एप्रिलला नवी मांडणी अमलात येते. १ मार्च २०१९ रोजी मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकाएकी काढून घेतल्या, पुढे परत आणल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा नेल्या. ज्या घरात सासू-सुनेची एक मालिका हेच संध्याकाळचे सुख, तिथे नुसता निळा पडदा! पेटी बिघडली समजून लोक दुकानात गेले, काहींनी नवी पेटी घेतली. या दोघांच्या गल्लीत तो खर्च झाला नाही. ‘पेटी ठीक आहे, वाहिनीच गेली’ असे सांगणारा माणूस तिथे होता.

याहून मोठा प्रसंग २०२० चा. शाळा बंद पडल्या. शिक्षण मोबाइलवर आले, आणि घरात मोबाइल एक, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. वेळ चुकली की त्या दिवसाचा पाठ चुकला. धुळेकरांनी वहीचे पान काढून त्याच्या हाताने प्रती केल्या, इयत्तेप्रमाणे निरनिराळ्या, आणि ज्या घरावर छत्री दिसली त्या घरी देऊन आले. एका घरी तीन मुले, तीन इयत्ता. तिथे त्यांनी तिन्ही वेळा एकाच कागदावर लाल, निळ्या, हिरव्या शाईने मांडून दिल्या. कार्यक्रम तयार होतो, सरकारी उपग्रहावरून येतो, आणि तो केव्हा लागणार हे सांगायला एका निवृत्त माणसाला तीन शाया लागतात, याचा कोणी विचार केला आहे काय?

पूर्वी असे नव्हते. आकाशवाणीच्या कार्यक्रमांची ‘द इंडियन लिसनर’ ही पत्रिका १९३५ पासून छापली जाई, आणि तीत कोणत्या केंद्रावर कोण गाणार हे आधीच कळे. दूरदर्शनवर पुढे ‘साप्ताहिकी’ असे. आठवडाभरात काय पाहायला मिळणार ते एक निवेदिका शांतपणे वाचून दाखवी, आणि घरातले कोणीतरी पेन्सिल घेऊन बसे. शनिवारचा मराठी चित्रपट कोणता, यावर पाहुण्यांना केव्हा बोलवायचे ते ठरत असे. आज वेळापत्रके इंटरनेटवर असतात हे खरे. पण ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याच्यासाठीच तर फ्री डिश आहे. सह्याद्रीने आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम मराठीत वाचून दाखवावेत आणि मग ते पाळावेत, एवढी या दोघांची मागणी आहे. तिला आमचा दुजोरा आहे.

तोवर फ्री डिशवाल्या वाचकांनी एवढे करावे. वाहिनी नाहीशी झाली तर दुकानात धावण्याआधी रिमोटने पेटीला नव्याने वाहिन्या शोधायला लावाव्या. १ एप्रिलला तर नक्कीच. धुळेकर त्या दिवशी सकाळीच सायकल काढणार आहेत. गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या त्यांनाच लावून द्याव्या लागतात, आणि त्यांतल्या एका आजीबाईंना संध्याकाळच्या बातम्यांआधी चित्र हवे असते.