मोजून एकोणीस वेळा

आमच्या अक्काला प्रत्येक गोष्ट मोजण्याची सवय आहे. परटाकडे गेलेले कपडे, उन्हात घातलेले पापड, पाहुण्यांनी खाल्लेल्या करंज्या, सारे काही ती मोजते आणि लक्षात ठेवते. आज ब्याऐंशीव्या वर्षीही तिचा हिशेब चुकल्याचे कोणी सिद्ध करू शकलेले नाही. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या आपल्या दारापासून तुळशीबागेतल्या रामाच्या देवळापर्यंत जाताना पदपथावरून एकोणीस वेळा खाली रस्त्यावर उतरावे लागते, असे तिने सांगितले, तेव्हा तो आकडा मी मुकाट्याने मान्य केला.

झाले असे की, मी दर गुरुवारी कोथरूडहून अक्काकडे जातो. चहा होतो, चार गोष्टी होतात, आणि निघताना ती माझ्या हातावर तुळशीबागेतला प्रसाद ठेवते. यंदा पावसाळ्यात लागोपाठ तीन गुरुवार प्रसाद मिळाला नाही. मी विचारले,

“अक्का, देवळात जात नाहीस वाटतं? गुडघे दुखतात का?”

“गुडघे चढा-उतरायला दुखतात, चालायला नाहीत,” ती म्हणाली. “पण चालायचं राहिलंय कुठं? दहा मिनिटांची वाट, आणि त्यात एकोणीसदा उतरायचं नि एकोणीसदा चढायचं. शेवटी रामालाच म्हटलं, तू आपला तिथून बघ माझ्याकडे.”

एवढे निमित्त मला पुरे होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शहराचा कारभार हा माझा आवडता विषय आहे. चहाचा कप खाली ठेवून मी व्याख्यानाला सुरुवात केली. २००६ च्या डिसेंबरात कात्रज ते हडपसर जलद बसचा मार्ग सुरू झाला, त्याच्या कडेने सायकलींसाठी खास पट्टे बांधले. पुढे त्यांवर कुठे टपऱ्या आल्या, कुठे मोटारी उभ्या राहिल्या. २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, आणि थोड्याच काळात दिसेनाशाही झाल्या. २०१८ साली तर नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर गेली, म्हणजे माणसांपेक्षा गाड्या जास्त! एके काळचे सायकलींचे शहर ते हेच का, असा प्रश्न मी आवाज चढवून विचारला.

अक्काने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “एकोणीसातलं पहिलं उतरणं आपल्या दारातच आहे. जरा गॅलरीतून वाकून बघ.”

मी वाकून पाहिले. खाली पदपथावर, भिंतीपासून कडेपर्यंत ऐसपैस आडवी, माझी स्कूटर उभी होती.

वाचकहो, त्या क्षणी काय बोलावे हे मला सुचले नाही. “पाचच मिनिटांसाठी लावली होती,” हे पुण्यातले सर्वमान्य उत्तर जिभेवर आले होते. पण मी तासभर बसलेला होतो आणि अक्काला घड्याळही मोजता येते.

घरी परत जाताना सारा वेळ मी माझाच हिशेब मांडत होतो. मी काही जन्मतः स्कूटरवाला नव्हे. सत्तरीच्या दशकात मी सायकलवरून कॉलेजात जात असे. तेव्हा सायकलीला दिवा नसला किंवा मागे कोणी बसले, तर चौकातला पोलीस शिट्टी मारी आणि आपण त्या सुमारास नेमके उतरून चालत असू. पुढे नंबर लावून, कित्येक वर्षे वाट पाहून, स्कूटर मिळाली. तिला हार घातला, पेढे वाटले, आणि सायकल जिन्याखाली गेली. त्या दिवसापासून माझ्या अंगात दोन माणसे राहू लागली, एक चालणारा आणि एक गाडीवाला. दोघांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही.

जंगली महाराज रस्त्याचेच पाहा. तिथले पदपथ रुंद झाले, तेव्हा “रस्ता अरुंद करून टाकला हो!” म्हणून आमच्या कट्ट्यावर सर्वांत मोठ्याने ओरडला तो माझ्यातला गाडीवाला. आणि रविवारी संध्याकाळी नातवाचे बोट धरून त्याच पदपथावर फिरून, तिथल्याच बाकावर बसून, “वा! काय छान केलंय” असे म्हणतो तो माझ्यातला चालणारा. पहिल्याने तक्रारीचे पत्र लिहिले होते. दुसऱ्याने कौतुकाचे पोस्टकार्डसुद्धा टाकलेले नाही.

त्याहून वाईट गोष्ट सांगतो. २०१८ च्या मार्चमध्ये रस्त्यावर गाडी उभी करण्याचे पैसे आकारावेत, असे धोरण महानगरपालिकेच्या सभेपुढे आले. गावभर गहजब झाला. सभेने ते मंजूर केले खरे, पण प्रयोग म्हणून फक्त पाच रस्त्यांपुरते! आमच्या सोसायटीनेही निषेधाचे एक पत्र धाडले होते. त्यावर तिसरी सही माझी आहे.

आता गंमत पाहा. आम्ही पेठांतली माणसे. वाड्याच्या वाटणीत वीतभर जागेसाठी भावाभावांनी वीस-वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पण मोटार उभी करायला लागणारी शंभरएक चौरस फूट जागा, तीही भर गावातली आणि सर्वांच्या मालकीची, आम्हाला फुकट हवी! आणि ती मिळाली नाही तर तो आमच्यावर अन्याय!

अशा वेळी नगरसेवकाला नावे ठेवणे सोपे असते. पण तो बिचारा मते मोजतो. गाडीवाला ओरडतो, सह्या गोळा करतो, सभेला जातो. अक्का ओरडत नाही. ती आपली देवळात जायची बंद होते. घरी बसलेल्या माणसाची नोंद कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात होत नाही.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त हॉलंडात आहेत. तिकडे मंत्रीदेखील सायकलवरून कचेरीत जातात, असे तो कौतुकाने सांगे, तेव्हा माझे उत्तर ठरलेले असे: “अरे, तिकडचे लोकच तसे. इथे ते जमायचे नाही.” यंदा त्याने मला फोनवर चांगलेच सुनावले. महायुद्धानंतर तिकडेही मोटारींचा सुळसुळाट झाला होता आणि सायकलवाले कडेला ढकलले गेले होते. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली; त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी अशी गेली त्या एका पत्रकाराने १९७२ साली वर्तमानपत्रात लिहिले, त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्ते अडवून बसले. १९७३ साली तेलाची टंचाई आली, तेव्हा सरकारने काही रविवारी मोटारींना बंदी केली आणि मोकळ्या रस्त्यांवर मुले खेळली. सायकलींचे पट्टे आले ते अशा भांडणांतून आले. आणि ते हे भांडण भांडत होते त्या सुमारास मी पुण्यात रोज सायकल चालवत होतो! जे त्यांनी झगडून परत मिळवले, ते आम्ही पेढे वाटून घालवले.

अक्काप्रमाणे मोजणारे कोणीतरी आपल्या सरकारातही आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, अडथळ्यावाचून पदपथावरून चालता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. हे मी अक्काला वाचून दाखवले. ती म्हणाली, “चांगलं झालं. पण ते तुझ्या स्कूटरीला वाचून दाखव.”

तिने मोकळा रस्ता पाहिलेला आहे. २०२१ च्या ११ डिसेंबरला महानगरपालिकेने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला. गाड्या बंद होत्या. अक्काला मी मुद्दाम घेऊन गेलो. ती रस्त्याच्या मधोमध, पदर सावरीत, सावकाश चालली. “विसर्जनाची मिरवणूक सोडली, तर या रस्त्याच्या मधून मी पहिल्यांदाच चालतेय,” म्हणाली. दुकाने बघत-बघत एक सुती परकर आणि दोन गळणी एवढी खरेदीही केली. गाड्या बंद झाल्या की धंदा बसतो, असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की दुकानाची पायरी गाडी चढत नाही, माणूसच चढतो.

असो. सध्या गुरुवारी मी स्कूटर मंडईजवळच्या वाहनतळावर पैसे देऊन लावतो आणि अक्काकडे चालत जातो. पहिल्या दिवशी त्या पैशांचे वाईट वाटले. खोटे कशाला सांगू? दसऱ्याच्या गुरुवारी अक्का म्हणाली, “चल, रामाला जाऊन येऊ.” माझा हात धरून ती निघाली. कुठे उभ्या मोटारी, कुठे दुकानाची पाटी, कुठे विजेचा खांब, कुठे उघडा खड्डा. दर वेळी उतरताना ती आकडा मोठ्याने म्हणे. देवळाच्या दारात थांबून दम घेत म्हणाली,

“अठरा.”

“म्हणजे एक कमी झालं!” मी छाती फुगवून म्हणालो.

“हो,” अक्का म्हणाली. “बाकीच्यांच्या घरीही कोणीतरी म्हातारं माणूस असेलच की.”